कोचबाईंचा पुढचा दात

चाळिशी उलटल्यावर मी पोहायला शिकले. ज्यांनी शिकवलं त्यांना आम्ही सगळ्याजणी कोचबाई म्हणायचो. सकाळची बायकांची बॅच त्यांच्याकडे होती. कुणाचे गुडघे दुखायचे, कुणाला डॉक्टरने धाडलेलं, कुणाला आयुष्यात एकदा तरी खोल पाण्यात जायचं होतं. मला पाण्याची भीती घालवायची होती, आणि त्याची माझ्यापेक्षा माझ्या नवऱ्याला जास्त घाई झालेली.

कोचबाई पन्नाशीच्या. खांदे असे रुंद की मागून बघणाऱ्याने "अहो भाऊ" म्हणावं. आखूड कापलेले केस, पायात रबरी चपला, आणि दातांमध्ये सदानकदा एक काळी शिट्टी. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा. दोन आखूड म्हणजे पाय मारा. तीन म्हणजे तुम्ही चुकताय, आणि कुणाची चूक आहे हे तुमचं तुम्हाला कळलं पाहिजे. बोलायचंच झालं तर शिट्टी ओठांच्या कोपऱ्यात सरकवून, मान जरा वळवून बोलायच्या. हसताना तर आम्ही त्यांना पाहिलंच नव्हतं. आमच्यात एक आजी होत्या, चालायच्या डुलत म्हणून सगळ्या त्यांना बदकआजी म्हणायचो. त्या म्हणायच्या, "बाई चांगली आहे गं, पण हसायला हिच्या बापाचं काय जातं?"

एकदा कपडे बदलायच्या खोलीत या बदकआजींनीच घोळ घातला. स्वतःची टोपी डोक्यावर घालून ती टोपी सगळ्या कपाटांत शोधत बसल्या. वर आमच्यावरच चोरीचा आळ. अखेर कुणीतरी त्यांना आरशासमोर उभं केलं. दारात उभ्या कोचबाईंना अनावर झालं. शिट्टी तोंडातून सुटून गळ्यातल्या दोरीला लटकली आणि त्या मोठ्याने हसल्या. तेव्हा मी पाहिलं. वरचा पुढचा एक दात अर्धा नव्हता. तिरका तुटलेला, कड पिवळट पडलेली. पुढच्याच क्षणी हात तोंडावर गेला. मी पाहिल्याचं त्यांनी पाहिलं.

"लहानपणी तलावाच्या काठावर घसरले," त्या म्हणाल्या, आणि शिट्टी पुन्हा दातांत गेली.

मग कळलं की त्यांच्या माहेरच्या गल्लीत त्यांना वेगळंच नाव आहे. त्यांचा मोठा भाऊ एक दिवस आईच्या घराची किल्ली द्यायला फाटकाशी आला आणि जाळीच्या पलीकडून ओरडला, "ए खिंडे! खिंडे, इकडे ये!" खिंड म्हणजे दोन डोंगरांमधली फट. आम्ही सगळ्या पाण्यात, कठड्याला धरून. कोचबाई गेल्या, किल्ली घेतली, परत आल्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. फक्त त्या दिवशी आम्हाला पाय मारायला लावले ते थांबवेनातच.

आता मुख्य गोष्ट. तलावावर नवा मॅनेजर आला. गुळगुळीत दाढी, हातात कायम फोन. वाईट माणूस नव्हता, पण त्याला सगळं नवं हवं होतं. फाटकावर शिकवणाऱ्या सगळ्यांचे मोठे फोटो लावायचं त्याने ठरवलं. फोटोग्राफर बोलावला. आणि आमची बॅच चालू असतानाच काठावर येऊन, आवाज हळू केल्यासारखा करून कोचबाईंना म्हणाला, "मॅडम, एक सुचवू का? राग मानू नका. हल्ली ते बॉन्डिंग असतं ना दातांचं, दाताच्या रंगाचं काहीतरी लावून आकार देतात. एका बैठकीत होतं. तुमचा फोटो आपण पुढे ढकलू. तेवढ्यात करून घ्या. नाहीतर तुमचा पाठमोरा काढू, उडी मारताना. तोही छान दिसेल."

पाण्यावर आवाज लांब जातो, हे त्याला ठाऊक नसावं. आमचे सगळ्यांचे पाय थांबले.

कोचबाईंनी शिट्टी काढली. नुसती तोंडातून नाही, गळ्यातूनच काढली आणि मुठीत धरली.

"कशासाठी करून घेऊ?"

"पोस्टरसाठी, मॅडम. लोकांवर छाप पडते."

"पोहायला पोस्टर शिकवणार आहे का?"

"तसं नाही, पण..."

"हे बघा, दात माझा आहे. तो करायचा की नाही आणि करायचा तर कधी, हे तुमच्या पोस्टरवरून ठरणार नाही. बाकीच्या शिकवणाऱ्यांचे फोटो कसे काढताय?"

"समोरून. हसताना."

"मग माझाही समोरून. हसताना."

मॅनेजरने फोनमध्ये डोकं घातलं. बदकआजी पाण्यातूनच म्हणाल्या, "आणि जरा मोठा काढा हो, मला लांबचं दिसत नाही."

बोलायला बोलून गेल्या, पण फोटोच्या वेळी कोचबाईंना हसता येईना. इतकी वर्षं जे तोंड मिटायची सवय लावली ते हुकमावर उघडणार कसं? फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, जरा मोकळं. त्यांचे ओठ थरथरायचे आणि मिटायचे. हात आपोआप वर जायचा, तो त्या दुसऱ्या हाताने खाली ओढायच्या. आम्ही ओल्या अंगाने, टॉवेल गुंडाळून भोवती उभ्या. कुणी विनोद सांगितला, कुणी तोंडं वेडीवाकडी केली, काही उपयोग नाही. शेवटी बदकआजींनी काय केलं, तर पुन्हा पाण्यात उतरल्या आणि काठावरच्या मॅनेजरसाहेबांना हात मागितला, बाळा मला जरा वर ओढ रे, असं म्हणून. त्याने हात दिला. आजींचं वजन त्याला माहीत नव्हतं. फोनसकट आत गेला. पुढचं सांगायला नको. कोचबाई कंबरेत वाकून हसल्या, आणि फोटोग्राफरने बटण दाबलं.

तो फोटो दाराएवढा मोठा होऊन फाटकावर लागला. तुटका दात तळहाताएवढा दिसत होता.

इथे कुणाला वाटेल की कोचबाई दुसऱ्या दिवसापासून छाती काढून त्या फोटोखालून यायला लागल्या. नाही. सुरुवातीला त्या मागच्या दाराने यायच्या, जिथे पाणी शुद्ध करायचं यंत्र असतं. मला स्वतःच म्हणाल्या, "बोलून बसले खरी, पण त्या फाटकाशी गेलं की पाय मागे फिरतात. वाटतं, रात्रीत कुणीतरी फाडून न्यावा." आईने फोन करून डोकं खाल्लं. "अगं, अख्ख्या गावात काय ते दात दाखवायचे! लोक हसतील."

"हसतील त्यांचे दात दिसतील," असं आईला सांगून त्यांनी फोन ठेवला. आणि बहुधा आईला सांगितलेलं स्वतःच्याच कानांनी ऐकल्यामुळे असेल, दुसऱ्या दिवशी पुढच्या फाटकाने आल्या. फाटकाशी एक बाई आपल्या लेकीला घेऊन फोटोकडे बघत उभी होती. लेक म्हणाली, "हिचा दात बघ." आईने तिला गप्प केलं. कोचबाई थांबल्या, म्हणाल्या, "बघू दे की. माझाच आहे. पोहायला शिकायचंय का?" ती मुलगी पुढे त्यांच्या दुपारच्या बॅचला आली.

असे काही आठवडे गेले. आणि मग एक दिवस, केस पुसता पुसता, कोचबाई मला म्हणाल्या, "तुझ्या ओळखीची दातांची डॉक्टर आहे ना?"

मी चमकले. "आता? आता तर सगळ्यांनी बघितलं!"

"म्हणूनच. लपवायला गेले असते तर जन्मभर त्याचीच चीड आली असती. आता लपवायचं काही उरलंच नाही. आता मला हवाय म्हणून करते. केस कापून घेते तसं."

मग जरा थांबून, "तू येशील ना बरोबर? मला त्या खुर्चीची फार भीती वाटते."

मला आधी थट्टाच वाटली. ही बाई खोल पाण्यात तळाशी जाऊन पडलेली बांगडी काढून आणायची. पण दवाखान्यात खुर्ची मागे कलली तशी त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची अशी धरली की पांढरी पडली बोटं. मी पायाशी स्टुलावर बसले होते. त्यांनी मला पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं तेच मी त्यांना सांगितलं, "खांदे सोडा. श्वास बाहेर टाका. कुणी बुडत नाही इथे." त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. पण खांदे सोडले.

डॉक्टर वयाने लहान, बडबडी पोरगी होती. तिने आधी दातांच्या रंगांचे छोटे नमुने काढले आणि एकेक दाताशेजारी धरून खिडकीच्या उजेडात बघितले. "ताई, एकदम पांढराशुभ्र नको करू या. शेजारच्याशी जुळला पाहिजे, नाहीतर हाच आधी डोळ्यात भरेल." मग विचारलं, "तुटला कसा?"

"घसरले," कोचबाई म्हणाल्या. सवयीचं उत्तर, विचारायच्या आधीच तयार.

सुईसुद्धा लागली नाही. दाताच्या तुटक्या कडेला निळं औषध लावलं, धुतलं, वाळवलं. मग दाताच्या रंगाचं मऊ लुकण घेऊन ती पोरगी थरावर थर देत गेली. प्रत्येक थरावर निळा दिवा धरायचा, तो पीं करून थांबायचा, की तो थर दगडासारखा घट्ट. मधे कागद चावायला लावून दात कुठे जास्त टेकतोय ते बघितलं, घासलं, परत बघितलं. कुंभार मडक्याचा काठ सारखा करतो तशी तिची बोटं चालत होती. शेवटी इवल्याशा चकतीने चकाकी आणली आणि हातात आरसा दिला.

कोचबाई बराच वेळ बघत राहिल्या. रडल्या नाहीत. जिभेने दात चाचपला, परत चाचपला. "जीभ वाट चुकतेय," म्हणाल्या. "इतकी वर्षं सरळ बाहेर यायची."

मग आरशातून नजर न काढता, "डॉक्टर, मी घसरले नव्हते. मला ढकललं होतं. माझ्या भावाने."

डॉक्टर हातमोजे काढत होती, ती थांबली. मग तिने सूचना सांगायला सुरुवात केली, आणि ते बरंच झालं. दातांनी पाकीट फोडायचं नाही, बाटलीचं झाकण उघडायचं नाही, कडक काही पुढच्या दातांनी चावायचं नाही. कधीतरी टवका उडेल, तेव्हा या, पुन्हा लावू. "आणि ती गळ्यातली शिट्टी दातांत धरायची नाही."

परतताना आम्ही चालतच आलो. वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. त्या अकरा वर्षांच्या, भाऊ त्यांच्याहून मोठा. त्याच्या मित्रांसमोर दोघांची शर्यत लागली आणि भिंतीला आधी हात लागला हिचा. मित्रांनी त्याची टर उडवली. ही पाण्यातून वर चढत होती, अर्धी बाहेर, अर्धी आत, तेव्हा त्याने मागून धक्का दिला. तोंड काठावर आपटलं. घरी आईने तोंड धुतलं, रक्त पुसलं आणि सांगितलं, "बाबांना सांग घसरले म्हणून. उगाच मार बसेल त्याला." हिने सांगितलं. तेच पुढे खरं होऊन बसलं. आणि खिंड हे नाव ठेवलं कुणी, तर भावानेच.

"मला दाताचा राग नाही गं," त्या म्हणाल्या. "पोरं ढकलतात. पण माझ्याकडून खोटं वदवून घेतलं, आणि वर ती खिंडच माझं नाव म्हणून मला चिकटवली."

पुढच्या सकाळी शिट्टी खुंटीवर राहिली. कोचबाई ओरडायला लागल्या. असा दणदणीत आवाज त्या शिट्टीमागे कोंडलेला होता, आम्हाला काय कल्पना! बदकआजी म्हणाल्या, "शिट्टीच बरी होती बाई." मॅनेजर आला, दात बघितला आणि हिरमुसला. "मॅडम, आता पोस्टर जुळत नाही. नवा फोटो काढू या."

"राहू दे. तीही मीच, हीही मीच. ज्याला ओळखायचंय तो ओळखेल."

पुढे एकदा त्यांच्या आईच्या घरी सगळ्यांचं जेवण झालं. तिथे मी नव्हते, पण कोचबाईंनी सांगितलं आणि पुढे त्यांच्या वहिनींनीही सांगितलं. दोघींचं सांगणं जुळतं. आईकडे सगळे जमले होते, भाऊ, वहिनी, त्यांची मोठी झालेली मुलं. भावाने दारातच पाहिलं. "अरेच्चा! खिंड बुजवली? आता हाक काय मारायची तुला?"

"नाव आहे मला. त्याने मार."

"एवढं काय! आणि या वयात हा थाट कुणासाठी म्हणतो मी?"

"माझ्यासाठी. दादा, हा तुटला कसा ते सांग की जरा मुलांना."

"कसा म्हणजे? घसरलीस."

"घसरले नाही. तू ढकललंस. मी जिंकले होते."

ताटातले हात थांबले. भाऊ आधी हसला. मग म्हणाला, काहीतरीच. मग म्हणाला, लहानपणीचे पोरखेळ आता उकरून काढतेस? म्हणजे तिसऱ्या वाक्याला कबूल झाला, असं वहिनी म्हणतात. आईने डोळ्याला पदर लावला. "जाऊ दे गं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला बोलायचं?"

"आई, दात माझाच तुटला आणि ओठ मीच मिटले. त्याचं काय गेलं?"

भाऊ ताटावरून उठला. गाडी चालू केल्याचा आवाज आला. आई आतल्या खोलीत गेली. मुलं खाली मान घालून बसली. आणि कोचबाईंनी आपलं ताट स्वच्छ होईपर्यंत जेवण केलं, वहिनींकडून थोडं आणखी मागून घेतलं.

यानंतर त्या घरात बरंच काही बिनसलं. भावाचं बोलणं बंद. आई फोन करायची तो औषधं संपली की, आणि काम सांगून ठेवून द्यायची. "घर मोडलंस म्हणते आई," कोचबाई एकदा म्हणाल्या. मी विचारलं, "पस्तावताय का?" त्या म्हणाल्या, "झोप लागत नाही कधी कधी. पण पस्तावत नाही." या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मला तेव्हा कळलं.

पुष्कळ दिवसांनी आईने एकदा आपणहून जवळ बोलावलं. हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं, चष्मा वर-खाली करून बघितलं. "डावा का उजवा गं तो?" तिला ओळखता येईना. मग म्हणाली, "तेव्हाच करून द्यायला हवा होता."

"हो. हवा होता," कोचबाई म्हणाल्या. असू दे, होतं असं, वगैरे काही म्हणाल्या नाहीत. आईने चहा टाकला. दोघी प्यायल्या.

वर्षभराने डॉक्टर म्हणाली होती तसा टवका उडाला. सवयीने शाम्पूची पुडी दातांनी फोडायला गेल्या. तेव्हा मुलांची स्पर्धा तोंडावर आली होती. त्यांनी टवका उडालेल्या दातानेच, चार कोपऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मुलांना तयार केलं, बक्षिसांच्या वेळी सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या, तोंडभर हसल्या, आणि सगळं उरकल्यावर सवडीने जाऊन दात पुन्हा करून आल्या. या खेपेला मला बरोबर नेलं नाही.

आणि वहिनी? वहिनी आमच्या बॅचला आल्या. "तिथे जायचं नाही," असं नवऱ्याने सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मी विचारलंय कुठे?" नवी टोपी, नवा पोहण्याचा ड्रेस. आज त्या तलावाची रुंदी न थांबता पोहतात. त्यांना सोडायला भाऊच येतो. आत येत नाही. फाटकाबाहेर, त्या उन्हाने फिकट झालेल्या फोटोखाली गाडीवर बसून राहतो. कोचबाई बाहेर पडताना म्हणतात, "दादा." तो म्हणतो, "हं." यापलीकडे अजून काही नाही, आणि कोचबाईंनाही त्याची घाई नाही.

सध्या त्यांनी नवीन खूळ काढलंय. सत्तरीच्या पुढच्या बायकांची वेगळी बॅच. मॅनेजर म्हणतो, जोखीम आहे, जागा नाही, वेळ नाही, परवानगी मिळणार नाही. कोचबाईंनी पाण्यात उतरायला एक जास्तीचा कठडा बसवून घेतलाय. बॅच पुढच्या महिन्यात सुरू होतेय.